मिलानची माझी सीट

"शालनताई, यंदा तुमच्या सीटवर आचारी न्यावा लागतोय बघा," शिंत्रेसाहेब म्हणाले, आणि हे म्हणताना माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत राहिले.

दसरा नुकताच झाला होता. मिलानच्या हॉटेलला खोल्यांची शेवटची नावं कळवायची म्हणून मी मेल लिहीत बसले होते, आणि त्या यादीत साहेबांच्या मुलाच्या, पराग शिंत्रेच्या खाली माझं नाव होतं. मी टाइप करायची थांबले. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि मला समजावून सांगू लागले, की चौगुल्यांचा फोन आला होता, सगळ्या ग्रुपचं एकच म्हणणं आहे, गेल्या वर्षी कोलोनला पावावर आणि उकडलेल्या बटाट्यावर दिवस काढले, यंदा रस्सा मिळणार असेल तरच येतो. ग्रुपमध्ये सीट मोजक्या, परागला तर जायलाच पाहिजे. मग राहिलं कोण?

"तुमचं काय, ताई, पुढच्या वर्षी आहेच की."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग साहेबांनी आणखी एक सांगितलं, की हॉटेलात काही स्वयंपाक करू देणार नाहीत, तेव्हा ओट्यासकट एखादा फ्लॅट बघा, आणि आचाऱ्याच्या व्हिसाचं तेवढं लगेच घ्या. म्हणजे माझ्या जागी जो जाणार त्याला पाठवायचं कामही माझंच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या शिंत्रे टूर्समध्ये मी धाकटी शाळेत जायला लागल्यावर कामाला लागले, तेव्हा आमच्याकडं अष्टविनायक, गाणगापूर आणि उन्हाळ्यात फार तर सिमला. मोटारसायकलींचं खूळ आणलं रणजित चौगुल्यांनी. त्यांची शिरोलीला फाउंड्री, गाड्यांच्या इंजिनाचे भाग ओतायचे. त्यांना परदेशातली प्रदर्शनं बघायची होती, आणि मुंबईच्या एजंटानं एकदा असं फसवलं, की प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्या दिवशी ते गेटवर पोहोचले. तेव्हापासून त्यांनी शिंत्र्यांना धरलं आणि शिंत्र्यांनी मला.

मला मोटारसायकलीतलं काही कळत नाही. पण मार्चमध्ये टोकियो, ऑक्टोबरात कोलोन, तेही वर्षाआड, नोव्हेंबरात मिलान आणि जमलं तर बर्मिंगहॅम, हे मला घरच्या सणवारांपेक्षा पक्कं पाठ झालं. खोल्या वर्षभर आधी धरल्या नाहीत तर त्या दिवसांत गावात उकिरड्यावरसुद्धा जागा मिळत नाही. पहिले दिवस धंदेवाल्या लोकांचे, नंतर सगळ्यांसाठी दारं उघडतात. चौगुल्यांसारख्यांना पहिल्या दिवसांतच पाठवायचं, कारण मग गर्दीत स्टॉलवाला तुमच्याशी दोन शब्द बोलत नाही. कुठल्या गेटनं आत गेलं की कुठला हॉल, लाल मेट्रो कुठं दोन वाटांना फुटते, हे सगळं नकाशावर आणि लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंवर बघून बघून मी शिकले. पराग तिकडून फोन करायचा, ताई, चुकलोय. मी इकडून सांगायची, मागं फिर, जिना चढ, उजव्या हाताला कॉफीचं दुकान दिसेल. दिसायचंच.

मला ते दुकान एकदा बघायचं होतं. बाकी काही नाही. आमचे हे हसायचे. म्हणायचे, तिकडं जाऊन तू गाड्या काय बघणार, दारातली माझी गाडी कधी फडक्यानं पुसली नाहीस. मी म्हणायची, गाड्या नाहीच बघायच्या मला. इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय, ते सगळं खरंच तिथं आहे का, एवढं बघून यायचंय. हे त्यांना कळायचं नाही, पण इचलकरंजीच्या नणंदेला त्यांनीच फोन केला, की बाई आठ दिवस घर सांभाळायला ये.

पाडव्याला साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, या नोव्हेंबरात शालनताई मिलानला. तेव्हापासून गल्लीत कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. समोरच्या देशमाने काकूंनी त्यांच्या लेकीचा लोकरी कोट आणून दिला, वर म्हणाल्या, धुऊन देऊ नकोस, लोकर आटते. व्हिसा आला. पासपोर्टात माझा फोटो असलेला तो हिरवट कागद चिकटवून आला, तेव्हा मी तो ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला आणि मग संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहून एकटीनं परत बघितला. सांगायला लाज वाटते, पण बघितला.

आणि आता आचारी.

कोट परत द्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, अगं का? मी म्हटलं, ऑफिसात काम निघालं. त्यांनी कोट घेतला नाही, राहू दे म्हणाल्या, पुढच्या वेळी लागेल. नणंद मात्र ठरल्याप्रमाणे आली. तिनं रजा काढली होती. ती आठ दिवस माझ्या घरी राहिली, आणि मी रोज डबा घेऊन ऑफिसात गेले. त्या दिवसांत मी फार दमलेली होते. अंग दुखत नव्हतं, झोप लागत होती, तरी सकाळी उठताना वाटायचं, आजचा दिवस कुणीतरी दुसऱ्यानं केला तर बरं होईल.

आचाऱ्याचं नाव शामराव खोत. कागलकडचे. लग्नाकार्यात मटण करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं चौगुल्यांचं मत. साठीला आलेले, अंगानं किरकोळ, बोलणं खालच्या आवाजात. एकदा कुणाच्या तरी लग्नाला दुबईला गेले होते म्हणून पासपोर्ट होता, तेवढंच माझं नशीब. ऑफिसात आले की खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. सही कुठं, फोटो कसा, मुंबईला बोटांचे ठसे कसे द्यायचे. त्यांनी एकदा विचारलं, तिथं खोबरं मिळतं का, ताई? मी म्हटलं, मला नाही माहीत. माहीत होतं खरं तर.

पोचल्याचा फोन पराग करतो, तसा त्यानं केला. फ्लॅट छान आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळे प्रदर्शनाला गेले आणि खोतमामा घरी राहिले, कारण रात्री आल्यावर गरम जेवण पाहिजे. त्यांच्या नावाचं प्रदर्शनाचं तिकीट काढलंच नव्हतं. आचाऱ्याला काय करायचंय तिकीट, असं साहेब म्हणाले होते.

इथं संध्याकाळ होत आली होती, म्हणजे तिथं दुपार. मी आवराआवर करत होते. फोन वाजला. खोतमामांचा नंबर. जाताना परागकडून त्यांच्या फोनमध्ये तिकडचं सिमकार्ड घालून घ्या म्हणून मीच सांगितलं होतं.

पहिल्यांदा नुसता वाऱ्याचा आवाज आला आणि लांब कुठंतरी बंबाची घंटा. मग मामा म्हणाले, "ताई, मला घराभाईर काढलंय."

एकेक करून सगळं बाहेर आलं. सकाळी मटण शिजवून पांढरा रस्सा करून झाला होता. तांबड्याचं वाटण करायचं म्हणून त्यांनी सुकं खोबरं, कांदा आणि सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या. आपल्याकडं हे करताना शेजारचे शिंकतात आणि विचारतात, काय, आज मटण का? तिथं छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. मामांना वाटलं, फोन वाजतोय. त्यांनी गॅस बारीक केला आणि खोबरं करपू नये म्हणून परतत राहिले. खालून इमारतीची राखणदार बाई धावत आली, मागून शेजारी, सगळे खोकत. बाईनं तवा खिडकीत ठेवला, मामांना हाताला धरून जिन्यानं खाली आणलं, दाराला कुलूप घातलं. बंब आला. बाई त्यांच्याकडं बोट दाखवून काहीतरी ओरडत होती आणि त्यातला एकच शब्द मामांना कळला होता, पोलीस.

मी विचारलं, पासपोर्ट कुठंय? परागसायबांकडं, म्हणाले. सगळ्यांचे पासपोर्ट पराग स्वतःजवळ ठेवतो, कुणी हरवू नये म्हणून. ही आमच्या ऑफिसची पद्धत, आणि मीच पाडलेली. स्वेटर? वर राहिला. अंगावर सदरा, पायात चप्पल. हातात?

"पातेलं हाय. सोडून कसा येनार?"

मला एक क्षण हसू आलं, आणि खरं सांगते, एक क्षण बरंही वाटलं. माझ्या सीटवर बसून गेलात ना, आता बसा. मग पाठीमागं ती बाई पुन्हा ओरडली आणि मामा म्हणाले, "ताई, मला धरून नेतील का वो?" तो आवाज ऐकला आणि माझं बरं वाटणं तिथल्या तिथं संपलं. भाषा येत नाही, कागद नाही, थंडी. त्यांना कुणी गाडीत घातलं असतं तर कुठं नेलं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

परागला फोन लावला, लागला नाही. चौगुल्यांना, त्यांच्या बरोबरच्या एकदोघांना. तिथं इंजिनं चालू करून दाखवतात, फोन कुणाला ऐकू जाणार? सगळे यायला संध्याकाळ होणार होती. साहेब सांगलीला लग्नाला गेले होते. मी खुर्ची पुढं ओढली, नकाशा उघडला आणि म्हटलं, "मामा, मी सांगते तसं चालायचं. पराग आहे तिथंच जायचंय आपल्याला."

ते म्हणाले, "व्हय."

मी त्यांना आधी त्या बाईपासून लांब काढलं. कोपऱ्यावरून डावीकडं, ट्रामचे रूळ ओलांडून पुढं. काय दिसतंय विचारलं तर म्हणाले, पेपरचं दुकान. तिथं मेट्रोचं तिकीट मिळतं हे मला ठाऊक होतं. दूध आणायला दिलेली नोट त्यांच्या खिशात होती. मी म्हटलं, नोट पुढं करा आणि नुसतं प्रदर्शनाच्या स्टेशनचं नाव घ्या, रो फिएरा. ते म्हणाले, फुडं काय बोलायचं? काही नाही, रो फिएरा. फोनमध्ये मला त्यांचा आवाज ऐकू आला, देवळात नाव सांगावं तसा. मग नाणी पडल्याचा आवाज. दिलं तिकीट, म्हणाले, आणि त्यांनाच त्याचं नवल वाटलं.

खाली मेट्रोत गेल्यावर फोन तुटला, परत लागला, परत तुटला. लाल गाडी तिथं पुढं जाऊन दोन वाटांना फुटते आणि चुकीच्या गाडीत बसला की माणूस भलतीकडं जातो. परागसुद्धा पहिल्या वर्षी गेला होता. मी सांगितलं, गाडीच्या कपाळावर पाटी बघा, आर, एच, ओ. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण टेम्पोच्या नंबरप्लेटींमुळं अक्षरं ओळखता येत होती. पहिली गाडी आली, त्यांनी सोडली. दुसरी सोडली. मी म्हटलं, मामा, सोडू नका आता. ते म्हणाले, ताई, ती तीन न्हाईत अजून. तिसऱ्या गाडीला ते चढले. आत एका म्हातारीनं त्यांना बसायला जागा दिली आणि पातेल्याकडं बघून काहीतरी विचारलं. मामांनी झाकण उघडून दाखवलं. काय म्हणाली, मी विचारलं. "नुसती हासली," म्हणाले.

ते शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचेपर्यंत ऑफिसातले बाकीचे घरी गेले होते. नणंदेचा फोन येऊन गेला, भात लावू का? लाव म्हटलं.

स्टेशनवरून वर आल्यावर मी म्हटलं, आता विचारायचं नाही कुणाला, गर्दी जाईल तिकडं जा, पोरांच्या हातात हेल्मेटं असतील. लांब पूल लागला. तो संपल्यावर गेट. गेटवर माणसानं अडवलं. तिकीट. आणि परागचा फोन अजून लागत नव्हता.

तिकीट एकच होतं. माझं. धंदेवाल्यांच्या दिवसाचं, माझ्या नावाचं, पाडव्यानंतर लगेच काढलेलं. ते रद्द होत नव्हतं, पैसेही परत मिळत नव्हते, म्हणून साहेबांनी ते तसंच राहू दिलं होतं आणि ते माझ्या मेलमध्ये पडून होतं. मी उघडलं. वर मिसेस शालन आवटे आणि खाली तो स्कॅन करायचा काळा चौकोन. मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. मामा तिकडून ताई, ताई करत होते. मी ते त्यांच्या फोनवर पाठवलं आणि म्हटलं, हे चित्र त्याला दाखवा, तोंडानं काही बोलू नका.

पीक करून आवाज आला. माझ्या नावावर खोतमामा आत गेले.

पातेल्याला मात्र आत घेईनात. एका पोलिसासारख्या माणसानं झाकण काढून वास घेतला, दुसऱ्याला बोलावून त्यालाही वास दिला, आणि मग सामान ठेवायच्या खिडकीवर ते कोटांच्या शेजारी ठेवून मामांना बिल्ला दिला. मामांना ते पटलं नव्हतं. सांडल का, असं ते मलाच पुन्हा पुन्हा विचारत होते.

"नाही सांडत. आता सरळ चाला. उजवीकडं काय आहे?"

"दुकान हाय. काफीचं."

मी पडद्यावरच्या त्या दुकानावर बोट ठेवलं. ते म्हणाले, ताई, हाय न्हवं? मी म्हटलं, हो, आहे, तिथून पुढं.

चौगुले असणार कुठं हे मला ठाऊक होतं. ते गाड्यांच्या हॉलकडं फिरकत नाहीत, सुटे भाग आणि ओतकाम मांडतात तिथंच दिवस काढतात. तो हॉल सगळ्यात लांबचा. मामा चालत होते आणि फोन चालू होता. बायकांचे आवाज, लाउडस्पीकर, मध्येच एखादं इंजिन असं सुरू व्हायचं की मला फोन कानापासून लांब धरायला लागायचा. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, कसं आहे सगळं?"

ते तिथंच थांबून बघत असावेत.

"गाड्या झ्याक हाईत. लखलखीत," ते म्हणाले. "पर मान्सं लई दमल्यात, ताई. कुनालाच बसाय जागा न्हाई. समदी भिताडाला टेकून हुबी हाईत." आणि मग सहज विचारावं तसं, "तुमी किती येळा आलाय हितं?"

"नाही आले, मामा."

"एकदाबी न्हाई?"

"यंदा येणार होते."

मी म्हटलं, चालताय ना? ते म्हणाले, "म्हंजी मी तुमच्या जाग्यावर आलोय का?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? मी म्हटलं, आता ते राहू दे, समोर मोठ्या अक्षरांची पाटी दिसेल, तिच्या खालून डावीकडं. ते निमूट डावीकडं गेले. चार पावलांवर चौगुले दिसले असणार, कारण मला त्यांचा आवाज ऐकू आला, अरे खोत, तू इकडं कसा? आणि मामा त्यांच्याशी बोलायचं सोडून फोनमध्ये मला म्हणाले, "ताई, घावले. ठेवा आता तुमी. जेवा जावा."

मी फोन ठेवला. अंधार पडला होता. दिवा लावायला उठले तर पाय भरून आलेले, सगळी वाट मीच चालले होते म्हणायची. टेबलावर डोकं ठेवून मी रडले. आपल्याला इतकं पाहिजे होतं हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. मग तोंड धुतलं आणि घरी गेले. नणंदेनं विचारलं, एवढा उशीर? मी म्हटलं, एकाला मिलान दाखवत होते.

त्या संध्याकाळी प्रदर्शनाच्या बाहेर बाकावर बसून सगळ्यांनी गार पांढरा रस्सा पावाबरोबर खाल्ला म्हणे. फ्लॅटवाल्यानं दंड लावला, तो चौगुल्यांनी हसत हसत भरला. कोल्हापुरात परत येईपर्यंत त्या गोष्टीची कथा झाली होती आणि प्रत्येकजण ती आपापल्या परीनं सांगत होता.

परतल्यावर साहेबांनी ग्रुपला जेवण दिलं. स्वयंपाक खोतमामांचाच. जेवणं झाल्यावर चौगुल्यांनी मामांना बोला म्हणून उभं केलं. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. हाताला लागलेलं पीठ टॉवेलला पुसत त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेपरचं दुकान, आर एच ओ, म्हातारी, काफीचं दुकान. म्हणाले, बाई हितं बसून मला बोटाला धरून न्यावं तसं घेऊन गेल्या, मी मेलो असतो, त्यांनी आणला. तिथं असनाऱ्या मान्साला बी जमलं नसतं. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग साहेबांकडं. टाळ्या झाल्या. मला वाटलं, आता. आता साहेब म्हणतील.

साहेब उठले. त्यांचा चेहरा खरोखर फुलला होता.

"शालनताई," ते म्हणाले, "तुम्हाला तिकडं पाठवायची मी केवढी मोठी चूक करणार होतो. तुम्ही तिकडं गेला असता तर इथून रस्ता कुणी सांगितला असता? पुढच्या वर्षीपासून आपण दोन ग्रुप काढू. तिकडं कुणीबी जाईल हो. तुम्ही इथं पाहिजे."

पुन्हा टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

सोमवारी ऑफिसात माझ्या टेबलाशी नवी खुर्ची आली होती. पाठ टेकायला जाळी, हात ठेवायला गाद्या, खाली चाकं. साहेबांनी स्वतः तिच्यावरचं प्लॅस्टिक काढलं आणि बसून बघा म्हणाले. खुर्ची चांगली होती. अजून तीच आहे. त्यानंतर माझं नाव कुठल्याही यादीत घालायचा विषय साहेबांनी कधी काढला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. माझा तो पासपोर्ट मुदत संपून बाद झाला. त्यातल्या व्हिसाच्या शेजारचं पान कोरंच राहिलं.

पण मला सांगायचंय ते डिसेंबरातलं. खोतमामा ऑफिसात आले. मीच बोलावलं होतं. टोकियोचा ग्रुप ठरला होता आणि चौगुल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आचाऱ्याशिवाय हलणार नाही. मामा नेहमीसारखे खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला. त्यांनी कपाला हात लावला नाही. माझ्या नव्या खुर्चीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि खाली मान घातली.

"ताई," ते म्हणाले, "त्या दिशी मी ठरवून बोललो. आयुष्यात कधी असा हुबा ऱ्हायलो न्हाई. म्हनलं, एवढं कानावर पडल्यावर सायेब म्हनत्याल, फुडल्या टायमाला बाईंनाच न्या."

"माहीत आहे, मामा."

"आन माझ्यामुळंच तुमचं कायमचं ऱ्हायलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमचं काही चुकलं नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं, पण त्यानं दोघांचंही काही भलं होणार नव्हतं. आणि मला खूप कंटाळा आला होता, रागावायचाही आणि समजूत घालायचाही.

"चहा घ्या, गार होतोय," मी म्हटलं. "आणि पासपोर्ट आणलाय ना?"

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. मी टोकियोचा अर्ज उघडला आणि पहिल्या रकान्यात त्यांचं नाव घातलं.